चांगला तास

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेकाच्या सँडलचा पट्टा लावता आला नाही, बालवाडीच्या दारात दुसऱ्याच कुणाच्या आईने लावून दिला, आणि घरी येऊन तू दिवाळी अंकाच्या संपादकांना ‘यंदा कथा जमणार नाही’ असं कळवून टाकलंस. पट्टा बोटांना जमला नाही गं. कथेला तू अजून बसलीही नव्हतीस.

मला हाच संधिवात, तुझ्यासारखाच रुमॅटॉइड, चौतिसाव्या वर्षी जडला. लेक तीन वर्षांची होती. जो तो सांगायचा, लहान मूल आहे ना, मग पहाटे उठून लिही. दोन वर्षं मी पाचचा गजर लावला. पण आपल्या दुखण्यात सकाळच सगळ्यात वाईट. तासभर, कधी दोन तास मूठ वळत नाही, पेन धरायचं तर दूरच. त्या दोन वर्षांत मी ठरवूनच टाकलं होतं की आपलं लिहिणं संपलं. प्रत्यक्षात माझे सांधे अकराच्या सुमाराला मोकळे व्हायचे, आणि त्या वेळी मी कणीक मळत असायचे.

म्हणून आधी एवढंच कर. पंधरा दिवस रोज, मूठ पूर्ण वळली ती वेळ कॅलेंडरवर टिपून ठेव. तुझा चांगला तास सापडेल. तो लिहिण्याला दे, आणि पहिल्यांदा दे. हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. जरा बरं वाटलं की आपल्याला घर दिसायला लागतं. माळा आवरू, डाळी निवडू, बरं आहे तोवर उरकून घेऊ. मग पुढचे दोन दिवस अंथरुणात, आणि कागद कोराच. चकल्या विकत मिळतात. तुझी कथा दुसरं कुणी लिहून देणार नाही.

बोटं सुजलेली असतील त्या दिवशी फोनवर बोलून लिही. आता मराठी बऱ्यापैकी उतरते. जोडाक्षरं आणि विरामचिन्हं नंतर दुरुस्त करावी लागतात, पण मला त्याचा एक फायदा झाला: माझे संवाद सुधारले. जे तोंडात बसत नाही ते कानालाही लगेच खटकतं.

औषधाच्या गोळीचंही लिही म्हणालीस. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं, ठरलेल्या वारी. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून डबीवर वार लिहून ठेव. दुसऱ्या दिवशी मळमळत असेल तर त्या दिवशी कुणाला काही द्यायचं कबूल करू नकोस. रक्ताच्या तपासण्या चुकवू नकोस, आणि दुसऱ्या बाळाचा विचार मनात असेल तर डॉक्टरांशी आधीच, निदान काही महिने आधी बोल. गरोदरपणात हे औषध चालत नाही, ते बरंच आधी थांबवावं लागतं. हे मनाने मात्र करू नकोस.

लेकाला उचलता येत नाही म्हणून तू रडतेस. मीही रडले आहे. मग मी जमिनीवर सतरंजीवर बसायला लागले आणि लेक स्वतःच चढून मांडीत यायची. रस्ता ओलांडताना तिने माझी बोटं धरणं सोडलं, ती कोपर धरायची. मी तिला कधी तसं सांगितलं नव्हतं. आज ती मोठी झाली आहे, गर्दीत अजून कोपरच धरते.

संपादकांचं मात्र माझ्याकडून चुकलं, ते तू करू नकोस. आजार लपवायचा म्हणून मी दर वेळी पाहुण्यांचं, लाइट गेल्याचं कारण सांगत राहिले. एका संपादकांनी शेवटी कथा मागणंच बंद केलं. त्यांच्या लेखी मी शब्द न पाळणारी बाई होते, आणि तसं वाटायला मीच जागा दिली होती. तू सरळ सांग: मला हा आजार आहे, कथा देईन, पण दोन आठवडे जास्त लागतील, आणि आत्ता, मे महिन्यात सांगते आहे. दिवाळी अंकाचं काम पावसाळ्यात अंगावर येतं, माझे सांधे तेव्हाच जास्त धरतात. तुझंही तसं असेल तर आधीच मोकळी हो. आणि खरंच नाही जमली या वर्षी, तर ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला, तेव्हापासून अंक निघताहेत. पुढच्या वर्षीही कथा लागतील.

पण मला वाटतं, या वर्षीच जमेल. विहिरीवरच्या दोघी जावांची गोष्ट तू मला सांगितली होतीस, ती अर्धी झाली असेल तशी पाठव. गुरुवारी दुपारी मी मोकळी आहे. आणि या पत्राला हाताने उत्तर लिहू नकोस, बोलून पाठव. तुझा आवाज ऐकून बरेच दिवस झाले.

तुझी,
ताई