मथळ्यात काय लिहावं : बुटका, खुजा की कमी उंचीचा?

प्रश्न असा आला आहे : जन्मतःच उंचीची वाढ फार कमी असलेल्या माणसाबद्दल बातमी देताना मथळ्यात 'बुटका' लिहावं की 'खुजा'? की सरळ 'दिव्यांग' म्हणून मोकळं व्हावं?

'बुटका' आणि 'ठेंगू' ही तशी साधी विशेषणं. नारळाची ठेंगू जात, गव्हाचं बुटकं वाण म्हणताना कुणाच्या मनात काही नसतं. माणसाला लावली की मात्र त्यांची हाक होते. शाळेत ज्याला 'ए बुटक्या' म्हणून हैराण केलंय, त्याला तेच पुन्हा मोठ्या टायपात वाचायला लावू नये. 'बुटबैंगण' तर निव्वळ टवाळी, आणि 'वामनमूर्ती' कितीही सोज्वळ वाटली तरी बहुधा चेष्टेच्याच सुरात येते.

'खुजा' मला त्याहून जास्त खटकतो, कारण तो बातमीच चुकवतो. वयाच्या मानाने उंची कमी राहिलेल्या कुपोषित मुलांना पोषणाच्या बातम्यांत 'खुजी बालके' म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं या गटात मोडली. ही मुलं अपुऱ्या आहाराने, सततच्या आजारपणाने मागे पडलेली. जन्मतःच उंची कमी ठेवणाऱ्या अकॉन्ड्रोप्लेझियाची गोष्टच निराळी : तिथे एका जनुकातल्या बदलामुळे हातापायांची हाडं नेहमीसारखी लांब होत नाहीत. आईवडील बहुतेकदा सर्वसाधारण उंचीचे असतात आणि खाण्यापिण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. दोन्हीकडे एकच शब्द फिरवला की शेजारीण त्या आईला विचारणारच, "लहानपणी दूधबिध दिलं नव्हतं का गं?" सरकारी भरतीच्या जाहिरातींत दिसणारं 'शारीरिक वाढ खुंटणे' हेही त्याच वाटेने जातं.

'दिव्यांग' कायद्याने बरोबर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत कमी उंचीची ही अवस्था आहे. प्रौढपणी १४७ सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उंची, अशी तिची व्याख्या. पण मथळ्यात नुसतं 'दिव्यांग' वाचून कुणाला काय कळणार?

माझं मत 'कमी उंचीचे'ला. तेही एकटं सोडू नये. 'कमी उंचीच्या उमेदवारांना डावलले' असं छापलं आणि बातमी पोलीस भरतीची निघाली, तर ते उमेदवार १६५ सेंटिमीटरच्या अटीत दोन बोटं कमी पडलेले तरुणही असू शकतात. शक्य तिथे आकडा द्यावा.

भावनगरच्या डॉ. गणेश बारैया यांना उंचीचं कारण देऊन वैद्यकीय प्रवेश नाकारला होता, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. इथे उंची हाच वादाचा मुद्दा, त्यामुळे 'तीन फूट उंचीचे डॉक्टर' मथळ्यात चालेल. 'चिमुकला डॉक्टर' अजिबात नको. आपल्या पेपरांत चिमुकला म्हणजे अंगणवाडीतलं पोर. आणि पुढे बातमीत 'तो म्हणाला' करू नये. इतर डॉक्टरांना जो आदरार्थी तोच यांना.

राहता राहिली ती लाडकी म्हण, 'मूर्ती लहान पण कीर्ती महान'. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये नवदीप सिंगने ४७.३२ मीटर भाला फेकला. त्याचा एफ-४१ हा गट कमी उंचीच्या खेळाडूंचाच, म्हणजे मैदानात उतरलेल्या सगळ्यांच्याच मूर्ती लहान! ही म्हण मथळ्यात घातली की तो उंच्यापुऱ्या खेळाडूंना हरवून आला असं वाटतं. शिवाय खरी बातमी राहूनच जाते : तो दुसरा आला होता आणि पहिला आलेला इराणी खेळाडू अपात्र ठरल्यावर सुवर्ण त्याला मिळालं. 'नवदीपचा भाला ४७.३२ मीटर, इराणी खेळाडू अपात्र ठरल्याने सुवर्ण' एवढं दोन ओळींत आरामात बसतं. त्याची उंची खाली मजकुरात, गटाची माहिती देताना येऊ द्या.