हवेला गुठळी होत नाही

पित्तनलिकेतील खडे काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या ईआरसीपी या दुर्बिणीद्वारे होणाऱ्या उपचाराच्या संमतिपत्रात ‘एअर एम्बॉलिझम’ (रक्तवाहिनीत हवा शिरून अडकणे) या धोक्यासाठी ‘हवेची गुठळी’ असे शब्द आढळले. ते योग्य आहेत का, अशी पृच्छा आली आहे. ते मुळीच योग्य नाहीत. गुठळी पिठाची होते, रक्ताची होते. हवा गोठत नाही. गुठळी हा ‘थ्रॉम्बस’चा, म्हणजे रक्तवाहिनीत जागीच गोठलेल्या रक्ताचा, प्रतिशब्द आहे. एम्बॉलिझममध्ये मात्र कोठून तरी वाहत येऊन अडकणे महत्त्वाचे असते, आणि म्हणूनच जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी १८४०च्या दशकात या दोन संज्ञा वेगळ्या केल्या.

ग्रीक ‘एम्बोलोस’ म्हणजे खुंटी किंवा पाचर. त्यावरून काही परिभाषाकार ‘अंतर्कीलन’ हा शब्द पुढे करतात. तो मला मान्य नाही, कारण ठोकलेली खीळ जागची हलत नाही. एम्बॉलिझमसाठीचा दुसरा शब्द ‘अंतःशल्यता’ उच्चारायला जड आहे, तरी त्यातले ‘शल्य’ अमोल आहे. सुश्रुतसंहिता हा शब्द ‘शल्’ या धातूपासून साधते, आणि तिथे त्या धातूचा अर्थ दिला आहे ‘आशुगमन’, म्हणजे वेगाने जाणे! पुढे शल्याचे दोन प्रकारही सांगितले आहेत: शारीर आणि आगंतुक. देहातच तयार होऊन सुटलेली रक्ताची गुठळी शारीर, तर बाहेरून शिरलेली हवा आगंतुक, अशी विभागणी मला इतकी चपखल वाटते की नवी संज्ञा घडवण्याची गरजच उरत नाही. मनातली ‘सल’ आणि ‘सलणे’ हीदेखील याच शल्याची लेकरे आहेत.

ईआरसीपीत घडते तेही असेच. दुर्बिणीतून लहान आतड्यात हवा भरतात. पित्तनलिकेचे मुख कापताना किंवा आधीच्या इजेमुळे नलिका आणि शेजारची शीर यांच्यात वाट पडली असेल, तर दाबाखालची ती हवा शिरेत घुसून हृदयाच्या उजव्या कप्प्यात व फुप्फुसांत पोहोचते, आणि हृदयाच्या पडद्यात जन्मापासूनचे छिद्र उघडे राहिले असेल तर मेंदूतही. हा प्रकार विरळा, पण जीवघेणा ठरू शकतो. म्हणून अनेक ठिकाणी हवेऐवजी रक्तात चटकन विरघळणारा कार्बन डायऑक्साइड वापरतात.

संमतिपत्रात ‘वायुशल्य’ लिहावे आणि त्याखाली ‘रक्तवाहिनीत हवा शिरून ती हृदयात, फुप्फुसात किंवा मेंदूत अडकणे’ असा खुलासा द्यावा.