चातुर्मासात फ्लॅश, हंगामानंतर कॅमेरा

सांगली जिल्ह्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. ते आठ वर्षांपासून लग्नाचे फोटो काढतात आणि वर्षाला सुमारे 22 ऑर्डर करतात. त्यांच्याकडे क्रॉप म्हणजे लहान सेन्सरची बॉडी, तिच्यासोबत आलेली 18-55 लेन्स आणि 50 मिमी एफ/1.8 लेन्स (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत येतो) एवढे साहित्य आहे. मंगल कार्यालयातील संध्याकाळच्या रिसेप्शनचे फोटो पिवळट आणि दाणेदार येतात, आणि याच कारणाने गेल्या हंगामात दोन ऑर्डर हातच्या गेल्या. मुंबईतील बोरा बाजारातून जुनी फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी आणि 24-70 एफ/2.8 लेन्स 1,80,000 रुपयांत मिळते आहे, त्यासाठी 16 टक्के दराने दोन वर्षांचे कर्ज मिळू शकते. दुसरा पर्याय बाहेरून लावायचा फ्लॅश, तो दुरून चालवणारा ट्रिगर, स्टँड आणि प्रकाश मऊ करणारी छत्री असा आहे. त्याचे कोटेशन 26,000 रुपयांचे असून पुण्यातील तीन दिवसांच्या कार्यशाळेचे 12,000 रुपये वेगळे. फ्लॅश वापरायची सवय नाही, म्हणून कॅमेऱ्याकडे ओढा आहे, असे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. कोणता खर्च करावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्रातील आकड्यांपासून सुरुवात करू. तुमची वर्षाची एकूण जमा 7,70,000 रुपये असून असिस्टंट, व्हिडिओ, अल्बम आणि प्रवास वजा जाता 3,80,000 रुपये हाती राहतात. म्हणजे एका ऑर्डरमागे साधारण 17,000 रुपये. घरखर्च महिन्याला 24,000 रुपये धरला तर वर्षाकाठी 92,000 रुपये शिल्लक राहतात. कर्जाचा हप्ता 8,813 रुपये येतो, म्हणजे वर्षाला 1,05,756 रुपये. तुमची सगळी शिल्लक हप्त्यात गेली तरी जवळपास 14,000 रुपये कमी पडतात. केवळ हप्त्याची रक्कम उभी करायची तर वर्षाला सहाहून अधिक जादा ऑर्डर हव्यात, आणि पत्रात तुम्ही गमावलेल्या ऑर्डर दोनच सांगितल्या आहेत. दोन वर्षांत व्याजापोटी जाणारे 31,500 रुपये हे फ्लॅशच्या संपूर्ण कोटेशनपेक्षा जास्त आहेत, हेही लक्षात घ्यावे.

त्यात तुमच्या धंद्याचे उत्पन्न पंचांगावर चालते आणि हप्ता इंग्रजी महिन्यावर. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्तांवर काही लग्ने होतात हे खरे, पण त्यांच्या भरवशावर घर चालत नाही. दोन वर्षांच्या 24 हप्त्यांपैकी किमान आठ हप्ते, म्हणजे सुमारे 70,000 रुपये, या कोरड्या महिन्यांत भरावे लागतील. एखाद्या वर्षी अधिक महिनाही ऐन उन्हाळ्यात येतो, जसा 2026 मध्ये 17 मे ते 15 जून असा अधिक ज्येष्ठ आहे. तेव्हा कमाईचा आणखी एक महिना गळतो आणि बँक मात्र अधिक महिना मानत नाही.

आता या 1,80,000 रुपयांत नेमके काय मिळणार आहे ते पाहू. मी छायाचित्रकार नाही, पण लग्नाचे काम करणारे काही जण अनेक वर्षे माझ्याकडे सल्ल्याला येत असल्याने हा हिशेब मला करावा लागला आहे. तुमची 18-55 लेन्स पूर्ण झूमवर एफ/5.6 देते, एफ/2.8 वर तिच्या चौपट प्रकाश आत येतो, आणि मोठ्या सेन्सरमुळे दाण्यांच्या बाबतीत आणखी दुपटीच्या आसपास फायदा होतो. म्हणजे ढोबळ मानाने आठपट. तुमच्याकडे आधीच असलेली 50 मिमी लेन्स एफ/1.8 वर त्याच एफ/5.6 च्या तुलनेत नऊपटींहून अधिक प्रकाश घेते, तरीही तुमची तक्रार कायम आहे. याचे कारण असे दिसते की अडचण प्रकाश कमी असण्यापेक्षा तो कुठून येतो आणि कोणत्या रंगाचा आहे यात अधिक आहे. छतावरच्या दिव्यांनी नवरीच्या डोळ्यांखाली सावली पडते, स्टेजवरच्या रंगीत एलईडींनी चेहरा जांभळा होतो, आणि महागडा सेन्सर ती सावली आणि तो रंग अधिक स्वच्छ टिपून देतो, इतकेच. शिवाय एफ/1.8 वर वधू-वर सुस्पष्ट आले तरी मागच्या रांगेतले मामा-मामी धूसर होतात, आणि अल्बम उघडल्यावर मामा आधी स्वतःलाच शोधतात.

फ्लॅश याच ठिकाणी उपयोगी पडतो, मात्र तो शिकावा लागतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. कॅमेऱ्यावर लावून थेट तोंडावर मारलेल्या फ्लॅशने पुढचा माणूस पांढराफटक आणि मागचे कार्यालय काळेकुट्ट होते, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. हा अनुभव घेऊन पुष्कळ जण फ्लॅश बॅगेत टाकतात तो कायमचा. घराच्या दहा फुटी पांढऱ्या छतावर फ्लॅश उलटा मारला की सुंदर मऊ उजेड परत येतो. कार्यालयाचे छत वीस फुटांवर, त्यात मांडवाचे लाल-पिवळे कापड, मग तोच प्रयोग फसतो किंवा सगळी वऱ्हाडी मंडळी कापडाच्या रंगाची होतात. तेथे स्टँडवर छत्री लावून, ट्रिगरने, बाजूने प्रकाश द्यावा लागतो. शटर 1/80 सेकंदाच्या आसपास ठेवून मागची रोषणाई येऊ द्यायची, आणि फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावून त्याचा रंग पिवळ्या दिव्यांशी जुळवायचा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 100 वरून 1600 वर नेला तर तेवढ्याच उजेडासाठी फ्लॅशची सोळावा हिस्सा ताकद पुरते, त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो आणि अंतरपाट दूर होऊन अक्षता पडण्याच्या क्षणी तो मुका राहत नाही. यातली कोणतीही गोष्ट एका वाक्यात समजते; हाताला लागायला मात्र शेकडो फोटो खर्ची पडतात.

तो सराव कोणाच्या लग्नात करणार, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. कोटेशनमध्ये न लिहिलेला सर्वांत मोठा खर्च सरावाचा आहे, कारण मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत, आणि एखाद्या यजमानाचे फोटो बिघडले तर 17,000 रुपयांची ऑर्डर जाते, शिवाय त्या गावातून पुढे येणाऱ्या ऑर्डरही जातात. म्हणून जो चातुर्मास कर्जाच्या दृष्टीने तुमचा शत्रू आहे, तोच शिकण्याच्या दृष्टीने तुमची मोठी सवलत आहे. या काळात कार्यालये रिकामी असतात. ओळखीच्या व्यवस्थापकाला विनंती करून एखादी संध्याकाळ मिळवा, घरच्या कोणाला शालू नेसवून स्टेजवर बसवा आणि अंतर, कोन, ताकद बदलत वहीत नोंदी ठेवा. जरीच्या पदरावर आणि चष्म्यावर चमक कोणत्या कोनात येते, हे तेथेच कळेल.

याच महिन्यांत श्रावणातली मंगळागौर असते. रात्रीची वेळ, घरातली जागा, फुगड्या आणि झिम्म्याची पळापळ. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत अत्यंत क्षणिक असल्याने तो फुगडीतली गिरकीही गोठवतो, म्हणून याहून चांगला वर्ग मला सुचत नाही. बारसे आणि डोहाळजेवणही चालेल. अशी कामे अर्ध्या दरात घ्या, पण नव्या पद्धतीने काम करून पाहत असल्यामुळे दर कमी ठेवला आहे, हे यजमानांना आधी सांगा.

दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबावे का, असेही तुम्ही विचारले आहे. थांबू नये. दिवाळीत हजार-दोन हजार रुपये वाचतीलही, परंतु दिवाळी आणि तुळशीचे लग्न यांत दोन आठवडेही धड मिळत नाहीत, आणि मग शिकण्याची जागा पुन्हा यजमानाचा मांडव हीच ठरते.

पैसे कोठून आणायचे याबद्दल. तुमच्या बचत खात्यात सध्या 1,40,000 रुपये आहेत आणि 1,50,000 रुपयांची मुदत ठेव वेगळी आहे. ठेवीला हात लावू नका. ती जेमतेम सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे आणि तुमच्यासारख्या हंगामी उत्पन्नाच्या माणसाला तेवढी हवीच. बचत खात्यातले 96,000 रुपये चातुर्मासाच्या चार महिन्यांसाठी बाजूला काढले की 44,000 रुपये उरतात. त्यांतून फ्लॅशचे 26,000 रुपये द्या. कार्यशाळा लगेच करू नका. ती वाईट आहे असे नाही, पण दोन महिने स्वतः चुकल्यावर जे प्रश्न पडतात ते घेऊन गेलात तर 12,000 रुपये वसूल होतील. आत्ता गेलात तर दुसऱ्याने लावलेल्या प्रकाशात सुंदर फोटो काढून परत याल. जाण्याआधी एवढे विचारा की तेथे खऱ्या कार्यालयात, स्वतःच्या हाताने फ्लॅश लावायला मिळतो की नाही. त्याऐवजी कोल्हापूर किंवा पुण्यातील एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराकडे काढीव मुहूर्ताच्या दोन-तीन लग्नांना मदतनीस म्हणून गेलात, तर खर्च फक्त एसटीचा. आणि नव्या ऑर्डरचा ॲडव्हान्स यासाठी वापरू नका. लग्न पार पडेपर्यंत ते तुमच्यावरचे देणे आहे, लग्न मोडले तर परत करावे लागते.

दुसरा फ्लॅश आत्ता घेऊ नये; लागेल त्या दिवशी भाड्याने आणावा आणि महिन्यातून तीन-चारदा आणावा लागतो असे दिसले की मगच विकत घ्यावा. स्टँडला वाळूची पिशवी अवश्य बांधा, नाहीतर अक्षतांच्या गर्दीत तो एखाद्या आजींवर पडायचा. शक्य तेथे असिस्टंटच्या हाती काठीवर फ्लॅश देणे अधिक सुरक्षित. घराच्या विम्यात धंद्याचे साहित्य सहसा धरलेले नसते, त्यामुळे साहित्याचा स्वतंत्र विमा किती रुपयांत मिळतो ते विचारून ठेवा.

कर्जावर कॅमेरा घेतला की कर वाचतो, असे विक्रेत्याने सांगितल्याचे तुम्ही लिहिले आहे. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 4 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही आणि तुमचे उत्पन्न 3,80,000 रुपये आहे; जो कर लागतच नाही तो वाचणार कसा? जीएसटीची नोंदणीही तुम्ही केलेली नाही, आणि सेवेसाठी 20 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत ती सक्तीची नाही, त्यामुळे बिलातला 18 टक्के कर परत मिळणार नसून तो किमतीचाच भाग आहे.

कॅमेरा कधीच घेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. जेथे गुरुजी किंवा यजमान फ्लॅश नको म्हणतात, जेथे होमाच्या धुरात फ्लॅशचा उजेड पसरून फोटो दुधाळ होतो, तेथे मोठ्या सेन्सरला पर्याय नाही. पुढचा हंगाम संपल्यावर आषाढी एकादशीच्या सुमारास पुन्हा हिशेब मांडा. चार महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून खात्यात 80,000 रुपये शिल्लक असतील आणि रिसेप्शनच्या ऑर्डर किमान चारने वाढलेल्या असतील, तर उरलेल्या 1,00,000 रुपयांसाठी विक्रेत्याच्या कर्जाआधी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. 50,000 ते 5 लाख रुपयांचे कर्ज तेथे किशोर गटात, तारणाशिवाय मिळते. हप्त्यांची रक्कम हंगामाप्रमाणे कमी-जास्त ठेवता येईल का, हे शाखेत अर्ज देण्यापूर्वीच विचारा, आणि जुनी बॉडी घ्यायची झाल्यास शटर किती वेळा चालले आहे ते पाहून, पक्के बिल हातात घेऊनच पैसे द्या.