मस्कीची वही: सीझनच्या सुरुवातीचे तुमचे प्रश्न

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात मस्कीचा, म्हणजे इथल्या लेक्समधल्या त्या मोठ्या शिकारी माशाचा, सीझन मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी उघडतो, त्यामुळे यावेळची बहुतेक पत्रं मस्कीचीच आहेत आणि त्यातली निम्मी तरी लॉग, म्हणजे मासेमारीची नोंदवही, कसा ठेवायचा याबद्दल. म्हणून या अंकात तेवढंच घेतो, ट्राउट आणि वॉलाय मासे पकडणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबा.

प्रश्न: काका, मी मॅडिसनला राहतो, मागच्या ऑगस्टमध्ये मस्कीचा नाद लागला आणि यंदा पहिल्यांदाच ओपनरपासून, म्हणजे सीझनच्या पहिल्या दिवसापासून, विंग्रा लेकवर जाणार आहे. सगळे म्हणतात लॉग ठेव. मी मासा मिळाला की तारीख, साइज आणि ल्युअर (खोटं आमिष) लिहितो, एवढं पुरे का?

नाही, अजिबात पुरे नाही. मस्कीला इथले लोक दहा हजार कास्टचा (गळ फेकण्याचा) मासा म्हणतात, आकडा शब्दशः घेऊ नका, पण दिवसच्या दिवस गळाला काही लागत नाही हे खरंच आहे. मग वर्षाकाठी चार-पाच माशांच्या नोंदी जमल्या तरी त्यातून शिकणार काय? माझ्या मते वहीतलं सगळ्यात कामाचं पान म्हणजे रिकाम्या हाताने परत आलात त्या दिवसाचं. किती वाजता सुरू केलं, कधी थांबलात, लेकच्या कुठल्या कोपऱ्यात किती वेळ घालवला, काय टाकलं, हे सगळं काहीही दिसलं नसलं तरी लिहायचं. समजा तुम्ही दरवेळी पहाटे एकाच कोपऱ्यात जाता आणि काळा बकटेलच (केसाळ ल्युअर) फिरवता, तर तुमचे सगळे मासे पहाटे त्याच कोपऱ्यात काळ्या बकटेलवरच मिळणार ना, दुसरं मिळणार कुठून! आणि मग तुम्ही वर्षानुवर्षं तेच करत राहणार कारण वही तसं म्हणते. तास लिहिलेले असले की तासाला किती मासे दिसले असा हिशोब काढता येतो, आणि दोन जागांची खरी तुलना तिथेच होते.

दुसरी गोष्ट, पाण्याचं तापमान. मे महिन्यात बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. मस्की अंडी घालतात साधारण 50 ते 60 फॅरनहाइटच्या दरम्यान, 55 च्या आसपास म्हणजे 13 सेल्सियसला जोर असतो, आणि ते होतं उथळ पाण्यात, गवत आणि काडीकचरा असलेल्या तळावर. अंडी घालून झाली की आईबाप दोघंही त्यांच्याकडे बघत नाहीत, पण मोठ्या माद्या थकलेल्या असतात आणि काही दिवस खाण्याच्या मूडमध्ये नसतात. म्हणजे ओपनरला तुम्ही जाता तेव्हा तुमच्या लेकमधल्या मस्की यातल्या कुठल्या टप्प्यावर आहेत हे कळायला तापमानाशिवाय दुसरा रस्ता नाही. एकच आकडा लिहून थांबू नका, मध्यभागी किती, उत्तरेच्या उथळ कोपऱ्यात किती, सकाळी किती आणि दुपारी निघताना किती ते लिहा. सूर्य दक्षिणेकडून येतो त्यामुळे उत्तरेचा किनारा आधी तापतो, थंड उत्तरेचा वारा तिथे अडतो, आणि दक्षिणेचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी तिकडेच ढकललं जातं. एकाच सकाळी एकाच लेकमध्ये चार-पाच डिग्रीचा फरक सहज सापडतो. म्हणूनच वाऱ्याची दिशा नुसती आजची लिहून भागत नाही, आदल्या दोन दिवसांची पण लिहा.

मग गवत. हिरवं, नुकतं उगवणारं गवत कुठे आहे आणि ते तळापासून किती वर आलंय. यात एक भानगड आहे, मॅडिसनच्या लेक्समध्ये मे महिन्यात सगळ्यात आधी दिसणारं हिरवं बऱ्याचदा करली-लीफ पाँडवीड असतं, ते बर्फाखालीच वाढायला लागतं आणि जुलैच्या सुमाराला मरून जातं. म्हणजे मे मधली तुमची हुकमी जागा जुलैत ओसाड. कुठलं गवत ते लिहिलेलं असेल तर पुढच्या वर्षी गोंधळ होणार नाही. नाव येत नसेल तर एक काडी काढून फोटो ठेवा.

ल्युअर आणि रंग लिहाच, पण त्याच्यासोबत वेग लिहा. सुरुवातीला साधारण चार ते सहा इंचाचं छोटं, हळू ओढलेलं चालतं असा सर्वसाधारण अनुभव आहे, आणि “हळू” म्हणजे किती हळू हे आज नाही लिहिलं तर जूनपर्यंत विसरलेलं असतं.

प्रश्न: मागच्या वर्षी 10 मे ला मोनोना लेकच्या एका कोपऱ्यात माझ्या ल्युअरमागे एका सकाळी तीन मस्की आल्या. यंदा त्याच तारखेला, त्याच वेळेला, तोच ल्युअर घेऊन गेलो तर काही म्हणजे काहीच नाही. मग लॉगचा उपयोग काय?

उपयोग आहेच, फक्त तुम्ही तारखेवर विश्वास ठेवलात. मासा कॅलेंडर बघत नाही. शेजारच्या मेंडोटा लेकचा बर्फ कधी धरला आणि कधी सुटला याची नोंद 1850 च्या दशकापासून आहे, जगातल्या जुन्या नोंदींपैकी एक, आणि त्यात बघा: 1857 साली बर्फ 6 मे ला सुटला होता आणि 1998 साली 27 फेब्रुवारीला. दोन महिन्यांहून जास्त फरक! इतकी टोकं दरवर्षी येत नाहीत, पण दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होणं नेहमीचं आहे. मग 10 मे चा अर्थ दरवर्षी वेगळा होणारच.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर त्या वर्षी तुमच्या लेकचा बर्फ कधी सुटला ते लिहा आणि पुढची प्रत्येक नोंद “बर्फ सुटून किती दिवस” अशीही करा. त्याच्या जोडीला डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा लिहा, लायलॅक फुलला का, सकर मासे ओढ्यात चढले का, बेडकांचा आवाज सुरू झाला का. याला फेनॉलॉजी म्हणतात आणि ती करायला तुम्ही अगदी योग्य गावात राहता, निसर्ग-अभ्यासक अल्डो लिओपोल्ड इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकवायचे आणि 1935 ते 1945 या काळात त्यांनी सॉक आणि डेन काउंटीमधल्या फुलांच्या, पक्ष्यांच्या अशाच नोंदी ठेवल्या. आपल्याकडे पाऊस कधी येणार हे शेतकरी मृग नक्षत्रासोबत कावळ्याच्या घरट्यावरून पण बघतात, तसंच आहे हे.

तुमच्या मागच्या वर्षीच्या त्या पानावर तापमान लिहिलेलं असेल तर यंदा ते तापमान येईल त्या दिवशी जा.

प्रश्न: फॉलो म्हणजे मासा मागे येऊन परत गेला तर ते लिहायचं का? आणि अशा वेळी करायचं काय?

लिहायचंच! मस्कीच्या लॉगमध्ये फॉलो ही अर्धी कमाई आहे, कारण मासा कुठे राहतो हे तुम्हाला कळलेलं असतं. मोठी मस्की एका जागेवर टिकून राहते असं खूपदा दिसतं, संध्याकाळी किंवा हवा बदलताना तिथे परत गेलात तर तोच मासा भेटू शकतो. कसा आला तेही लिहा, ल्युअरच्या अगदी मागे तापून आला की खोल खाली नुसता रेंगाळत आला, बोटीपाशी वळला की लांबूनच फिरला. मे मध्ये हे रेंगाळणारे जास्त दिसतात, थंड पाण्यातला मासा उगाच धावत नाही.

करायचं काय, तर प्रत्येक कास्टच्या शेवटी, मासा दिसो न दिसो, रॉडचं टोक पाण्यात घालून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. वळणं मोठी ठेवा, चार फुटी मासा छोट्या वळणात वळू शकत नाही. पोलराइज्ड चष्मा हवाच, नाहीतर निम्मे फॉलो दिसतच नाहीत आणि मग लॉगमध्ये येणार कुठून. आणि चष्मा विसरला त्या दिवशी तसं लिहून ठेवा हो, त्या दिवशीच्या शून्याचा अर्थ वेगळा असतो.

प्रश्न: वही बरी की अॅप? आणि चंद्राचं लिहायचं का?

जे ओल्या हाताने, दोन मिनिटांत होईल ते. मी बोटीत फोनवर बोलून रेकॉर्ड करतो आणि घरी आल्यावर वहीत उतरवतो, पण त्याच रात्री. चंद्रोदय आणि चंद्रास्त लिहायला हरकत नाही, मस्कीवाले त्यावर खूप भरवसा ठेवतात आणि तुमच्या वहीत काही निघतंय का ते तुम्हीच काही वर्षांनी बघा. फक्त वेळ तुमच्या गावची घ्या, भारतातून आणलेल्या कालनिर्णयातली इथे चालणार नाही.

प्रश्न: आम्ही मिनेसोटात, मिनीॲपोलिसला. इथे मस्की जूनच्या पहिल्या शनिवारी उघडते. मे मध्ये नुसतं प्रॅक्टिस म्हणून पकडून सोडली आणि लॉगमध्ये लिहिली तर चालेल ना? मारत तर नाही.

नाही चालणार. बंद सीझनमध्ये मस्कीच्या मागे जाणंच चूक आहे, सोडून दिली तरी. सीझन उशिरा उघडतात त्यामागे कारण हेच की मासे अंडी घालत असतात किंवा नुकती घालून दमलेले असतात, विस्कॉन्सिनमध्येही उत्तरेचा भाग मेच्या शेवटी उघडतो कारण तिकडे बर्फ उशिरा सुटतो. नॉर्दर्न पाइक या दुसऱ्या माशासाठी गेलात आणि चुकून मस्की लागली तर पाण्यातच हूक काढा आणि लगेच सोडा, फोटो नाही.

पण मे महिना लॉगसाठी वाया जात नाही उलट मला तो फार आवडतो. रॉड घरी ठेवून बोट काढा, तापमान घ्या, गवत कुठे उगवतंय बघा, सोनारवर (पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर) खोलीच्या कडा मार्क करा. जूनच्या त्या शनिवारी सगळे जागा शोधत असतील तेव्हा तुमच्याकडे महिनाभराचा नकाशा असेल.

प्रश्न: वजन कसं लिहायचं? माशाला काट्यावर लटकवायचं जिवावर येतं.

लटकवू नकाच, उभी लटकवली की तिच्या स्वतःच्या वजनाने आतल्या अवयवांना इजा होते. लांबी इंचात घ्या, घेर जमला तर घ्या, मग लांबी गुणिले घेराचा वर्ग भागिले 800, म्हणजे पाउंडात अंदाज मिळतो. 45 इंच लांब आणि 20 इंच घेर असेल तर साडेबावीस पाउंड. मे मध्ये अंडी घातलेली मादी सडपातळ असते आणि तीच नोव्हेंबरात भरलेली असते, त्यामुळे वर्षा-वर्षाच्या तुलनेसाठी लांबीच खरी. मोठं जाळं पाण्यातच ठेवायचं, लांब पक्कड आणि हूक कापायची कात्री हाताशी, मासा पाण्याबाहेर काही सेकंदच. शरीरावर जुनी खूण, फाटका पर, टॅग काही असेल तर त्याचा फोटो घ्या, दोन वर्षांनी तोच मासा परत भेटला तर ओळखता येतो आणि त्यासारखा आनंद नाही. मस्कीज इन्कॉर्पोरेटेड ही संस्था 1966 पासून मिनेसोटातून हेच शिकवत आलीय आणि सभासदांनी सोडलेल्या माशांचा सामायिक लॉगही ठेवते, त्यात तुमच्या नोंदी जरूर द्या.

प्रश्न: बाबा सांगलीहून मे मध्ये येतायत, कृष्णेवर गळ टाकून मोठे झालेत. त्यांना बोटीत नेलं तर लायसन्स लागेल का?

गळ टाकणार असतील तर लागेल, विस्कॉन्सिनमध्ये 16 वर्षं आणि त्यावरच्या बाहेरून आलेल्या पाहुण्यांना नॉन-रेसिडेंट लायसन्स लागतं, ऑनलाइन मिळतं आणि एक दिवसाचं, चार दिवसांचं, पंधरा दिवसांचं असं घेता येतं. चार दिवसांचं घ्या, एका दिवसात मस्की भेटण्याची आशा धरू नका. वेळ असेल तर हेवर्डला पण न्या, तिथल्या फिशिंग हॉल ऑफ फेममध्ये 143 फूट लांब मस्कीची प्रतिकृती उभी केलीय आणि तिच्या जबड्यात उभं राहता येतं. आणि ज्या दिवशी त्यांना नुसतं बसायचं असेल त्या दिवशी थर्मामीटर आणि वही त्यांच्याकडे द्या, नोंदी करायला लायसन्स लागत नाही.