प्रवेशिकेवर दिग्दर्शक म्हणून नाव कोणाचे? देवगडच्या ताईंच्या प्रश्नाला माझे उत्तर

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि क्षणभर मीच सतरा-अठरा वर्षांपूर्वी लिहिलेले पत्र समोर आल्यासारखे वाटले. बारा वर्षे हौशी रंगभूमीवर भूमिका केल्यानंतर यंदा संस्थेचे दोन अंकी नाटक बसवण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. अध्यक्षकाका म्हणतात की नाटक तू बसव, पण स्पर्धेच्या प्रवेशिकेवर, म्हणजे प्रवेश-अर्जावर, दिग्दर्शक म्हणून नाव माझे राहू दे, तुझे पुढच्या वर्षी बघू. शिवाय मुख्य स्त्री-भूमिकाही तुम्हीच करावी असा सगळ्यांचा आग्रह आहे. या दोन्ही गोष्टी मान्य कराव्यात का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे आणि दुसऱ्याचे बरेचसे नकाराचे.

लेखकाची लेखी परवानगी, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, संगीताचे हक्क या गोष्टी बारा वर्षांत तुमच्या डोळ्यांसमोरून गेलेल्या असणार, म्हणून त्यांत मी शिरत नाही. एवढेच लक्षात असू द्या की मंडळाकडे गेलेली संहिता आणि रंगमंचावर बोलली जाणारी संहिता यांत तालमीच्या ओघात फार अंतर पडू देऊ नये. मी वकील नाही आणि माझा अनुभव रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या दोन तालुक्यांपुरता आहे, हेही आधीच सांगून ठेवते.

मी १९९१ पासून आमच्या संस्थेत भूमिका करीत होते. त्या काळी आमच्याकडच्या गावच्या नाटकासाठी नटी बाहेरून आणण्याची पद्धत होती; ती प्रयोगाच्या दिवशी दुपारी यायची, एकदा उभ्याने संवाद म्हणून घ्यायची आणि रात्री काम करून पहाटेच्या गाडीने निघून जायची. गावातली, त्यातही प्राथमिक शाळेत शिकवणारी बाई महिनाभर तालमीला येते, हेच लोकांना नवे होते. तुमच्याकडे दशावतारात आणि आमच्याकडे नमन या लोकनाट्यात बाईचे सोंग पुरुषच आणत आल्यामुळे जुन्या माणसांना रंगमंचावरची बाई ठाऊक होती, पण रंगमंचावर उभी राहणारी गावातली बाई ठाऊक नव्हती, आणि तालीम घेणारी बाई तर त्यांच्या कल्पनेतही नव्हती. २००८ साली मी पहिले नाटक बसवायला घेतले, तेव्हा प्रकाशयोजनेचे साहित्य घेऊन आलेल्या माणसाने माझ्याकडे पाहून विचारले होते, "सर कुठे आहेत?" मी सांगितले की नाटक मी बसवते आहे, त्यावर त्याने मान डोलावली आणि दिवे कुठे टांगायचे हे चिटणिसांना विचारायला गेला.

आता मुख्य गोष्ट. आमचे अध्यक्ष, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणत असू, हे मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला जवळ बसवून सांगितले की नवे नाव पाहिले की परीक्षक हात आखडता घेतात, त्यात बाईचे नाव असले तर आणखी. यंदा माझे नाव घालू, नाटक वर येईल, त्यात तुझाच फायदा. चिटणिसांनी माझ्यासमोर प्रवेशिका भरली, दिग्दर्शकाच्या रकान्यात नानांचे नाव लिहिले, माझे नाव कलाकारांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर घातले, आणि मी समोर बसून चहा घेत होते. माझ्या आयुष्यातली सर्वांत महागडी चूक मी त्या दोन मिनिटांत केली, आणि ती करताना मला आपण समजूतदार आहोत असे वाटत होते, याचा राग मला आजही येतो.

नाटकाला दिग्दर्शनाचे दुसरे पारितोषिक मिळाले. निकाल मी शाळेत, दुपारच्या एसटीने आलेल्या पेपरात वाचला. त्यात नानांचे नाव होते. नाना संध्याकाळी स्वतः पेढे घेऊन घरी आले, हे तुझेच आहे म्हणाले, आणि ते त्यांना मनापासून वाटतही होते. दोन महिन्यांनी समारंभात सन्मानचिन्ह मात्र त्यांनीच घेतले, कारण नाव त्यांचेच पुकारले गेले. त्यांच्या कपाटात ते अजून आहे; त्यांच्या सूनबाई दर दिवाळीला पुसतात.

इथपर्यंतचे मी गिळले असते. पुढच्या वर्षी एका निवासी दिग्दर्शन प्रशिक्षणासाठी अर्ज मागवले होते आणि त्यात एक तरी पूर्ण लांबीचे नाटक दिग्दर्शित केल्याचा पुरावा जोडायचा होता. माझ्याकडे अख्ख्या नाटकाच्या हालचालींनी भरलेली संहिता होती, तालमीच्या नोंदींच्या दोन वह्या होत्या, अकरा कलाकार साक्षीला होते, आणि कागद एकही नव्हता. नानांनी लाजून का होईना, पत्र लिहून दिले की प्रत्यक्ष दिग्दर्शन यांनी केले असून नोंदीत दुरुस्ती व्हावी. ते पत्र घेऊन मी ज्या कार्यालयात गेले त्याचे नाव मी इथे लिहिणार नाही, कारण मला नोकरीत असताना वादही नको होता आणि आता सूडही नको आहे. तिथे पहिल्या खेपेला सांगितले गेले की पत्र संस्थेच्या शीर्षपत्रावर हवे. शीर्षपत्रावर नेले तेव्हा कार्यकारिणीचा ठराव हवा म्हणाले. ठराव नेला तेव्हा मूळ प्रवेशिकेची छायाप्रत आमच्याकडूनच मागितली. ती आम्ही ठेवली नव्हती आणि त्यांच्याकडची देण्याचा त्यांना अधिकार नव्हता. चौथ्या खेपेला टेबलावरचा माणूस बदलला होता, आणि नव्या माणसाने सगळे कागद वाचून अतिशय सभ्यपणे सांगितले की मॅडम, फॉर्मवर जे नाव आहे तेच आमच्यासाठी दिग्दर्शक, आणि तुम्ही आता खोटी माहिती भरल्याचे लेखी देत आहात, हे संस्थेला अडचणीचे ठरेल. चौदा महिने, पाच खेपा, प्रत्येक खेपेला एक किरकोळ रजा, आणि शेवटी माझ्या हातात माझ्याच संस्थेने खोटे लिहिल्याची कबुली. वाईट म्हणजे तो माणूस नियमाने बरोबर होता.

प्रशिक्षण हुकले. त्या पहिल्या नाटकानंतर पाच वर्षे मला बोलावणी आली ती फक्त भूमिकांसाठी, कारण बाहेरच्यांच्या लेखी मी नटीच होते. स्वतःच्या नावाने नाटक बसवायला २०१३ उजाडले. म्हणून सांगते, ताई, पुढच्या वर्षी बघू या शब्दांवर विश्वास ठेवू नका. बोलणारा खोटारडा असतो म्हणून नव्हे, तर पुढच्या वर्षी संस्थेकडे तुमच्या नावावर दाखवायला काहीच नसते, म्हणून त्याच कारणासाठी पुन्हा त्यांचेच नाव घालावे लागते. सहदिग्दर्शक ही तडजोडही मला पसंत नाही. पुष्कळांना हे टोकाचे वाटेल, आणि एखाद्या संस्थेत तसे सुरळीत चाललेही असेल, पण माझ्या पाहण्यात सहदिग्दर्शक म्हणजे पाणी आणून देणारा, असाच अर्थ लोक लावतात.

सावंतवाडीच्या नाटककार हिराबाई पेडणेकरांची आठवण इथे येते. त्यांचे संगीत दामिनी हे नाटक १९१२ साली केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक मंडळीने रंगमंचावर आणले, आणि आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी गुहागरजवळ पालशेतला, रंगभूमीपासून दूर काढली. पालशेत माझ्या माहेरापासून फार लांब नाही, तरी शाळेत असताना त्यांचे नाव मला कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या नाटकावर निदान नाव त्यांचे होते, म्हणून उशिरा का होईना, शोधणाऱ्यांना त्या सापडल्या.

आता मुख्य भूमिकेविषयी. तुमच्या प्रश्नाखाली कोणीतरी दिग्दर्शिका आणि अभिनेत्री विजया मेहतांचा दाखला दिला आहे, की बॅरिस्टर हे नाटक त्यांनीच बसवले आणि त्यातली मावशीही त्यांनीच केली, मग तुम्ही का नाही? तो दाखला खरा आहे, आणि ते नाटक वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या जयवंत दळवींचे, म्हणून आपल्याकडे तो जरा अभिमानाने दिला जातो. पण बॅरिस्टर १९७७ चे आणि त्यांच्या रंगायन या नाट्यसंस्थेची स्थापना १९६० ची. मधल्या काळात विजयाबाईंनी कुडाळकडच्या खानोलकरांच्या एक शून्य बाजीरावसारखे अवघड नाटक बसवलेले होते. तुमचे हे पहिलेच आहे. नटीला नाटक आतून दिसते, म्हणजे आपल्या पात्राच्या जागेवरून दिसते, आणि दिग्दर्शिकेला ते शेवटच्या रांगेत बसून पाहावे लागते. एकाच संध्याकाळी दोन्हीकडे बसता येत नाही. भूमिका टाळणे शक्यच नसेल, तर पहिल्या दिवसापासून तुमच्या जागी उभी राहणारी एक मुलगी नेमा, तिला तुमचे संवाद पाठ करायला लावा, आणि रंगीत तालमीच्या आठ-दहा दिवस आधीपर्यंत तुम्ही रंगमंचावर चढूच नका. तुमची जागा कुठे चुकते आहे हे त्या मुलीला पाहून जितके कळते, तितके स्वतः उभे राहून कळत नाही.

नटीने दिग्दर्शन करताना आणखी एक खोड नडते, ती म्हणजे करून दाखवण्याची. मी पहिल्या नाटकात प्रत्येकाला वाक्य म्हणून दाखवले, आणि प्रयोगाच्या रात्री लक्षात आले की रंगमंचावर सासरा, दीर आणि पोस्टमन हे तिघेही माझ्याच आवाजात, माझ्याच पॉझसकट बोलत आहेत. तेव्हापासून मी वाक्य म्हणून दाखवत नाही, त्या पात्राला या क्षणी समोरच्याकडून काय हवे आहे, एवढे विचारते आणि गप्प बसते. गप्प बसणे मला अजून नीट जमत नाही. तुमच्या संचात दशावतारात काम करणारे कोणी असतील, तर त्यांना आधी प्रसंग सांगा आणि मग छापील वाक्यांकडे आणा. लिहिलेल्या संहितेशिवाय रात्र गाजवण्याची त्यांची सवय असते. त्यांना पहिल्याच दिवशी शब्दाला शब्द धरायला लावले की ती माणसे उगाच आखडतात. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की ती तुम्हाला मिळणार नाहीत, हेही धरून चाला.

तालमींचे वेळापत्रक हे आपल्याकडे अर्धे दिग्दर्शन असते. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येते, म्हणजे तालमींचे महिने नेमके गणपती, नवरात्र, भातकापणी आणि दिवाळी यांत सापडतात. मी वाचन पावसाळ्यातच, जुलैमध्ये सुरू करते; वीज गेली तरी कंदिलाच्या उजेडात वाचन होते, हालचाली होत नाहीत. पुरुष मंडळी रात्री साडेनऊला तालीम लावायला सांगतील, ते ऐकू नका. संध्याकाळी सहा ते साडेआठ लावा, म्हणजे बायकांना वस्तीची गाडी मिळते आणि कोणाच्या घरी कुजबुज होत नाही. उशिरा येणाऱ्याला ओरडण्यापेक्षा त्याच्या प्रवेशाची तालीम त्याच्याशिवाय उरकून टाकलेली बरी. दोनदा असे झाले की माणूस वेळेवर येतो. दिवे भाड्याने घेणार असाल, तर आदल्या दिवशी एकेक लावून बघा. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने होल्डर आणि वायरींचे जोड गंजलेले असतात, आणि स्पॉट नेमका नायिकेच्या प्रवेशाला जातो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की काकांना न दुखावता हे सांगायचे कसे. भाषण करू नका आणि बायकांच्या हक्कांचा विषयही त्या खोलीत काढू नका, वाद भलतीकडे जातो. २०१३ साली मी नानांकडे गेले ते कोरी प्रवेशिका घेऊनच. म्हटले, "नाना, फॉर्म या वेळी मी भरते, अध्यक्ष म्हणून सही तुमची." त्यांच्यासमोर सगळे रकाने स्वच्छ अक्षरात भरले, दिग्दर्शकाच्या रकान्यात माझे नाव लिहिले आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचले, परीक्षक हात आखडता घेतात हे पुन्हा एकदा ऐकवले आणि सही केली. मग मी बाजारात जाऊन त्या कागदाच्या तीन छायाप्रती काढल्या, एक संस्थेच्या फायलीत लावली, एक शाळेच्या कपाटात ठेवली, आणि तिसरीवर अर्ज स्वीकारल्याचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय त्या कार्यालयाच्या खिडकीपासून हलले नाही.