वाचक विचारतात: कोडमधली तिरकी अक्षरं

प्रश्न: मी कोडसाठी फिरा मोनो वापरते. एडिटरमधे कॉमेंट्स (कोडमधल्या टिपा) इटॅलिक म्हणजे तिरक्या केल्या की अक्षरं ओढून ताणल्यासारखी दिसतात, दुसऱ्या फॉन्टमधे असं होत नाही. सेटिंग चुकतंय का? आणि सगळाच कोड तिरका ठेवला तर चालेल का?

उत्तर: सेटिंग ठीक आहे हो, फिरा मोनोला मुळात इटॅलिकच नाहीये, त्यामुळे सॉफ्टवेअर सरळ अक्षर धरून नुसतं उजवीकडे कलतं करतं आणि मग गोल 'ओ' बघा, वर उजवीकडे न खाली डावीकडे जाड होतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांत बारीक. डिझायनर असतो तो ही जाडी हाताने परत सारखी करत बसतो, तुम्हाला दुसऱ्या फॉन्टमधे फरक दिसतो तो यामुळेच.

मोनोस्पेसमधे, म्हणजे प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणाऱ्या फॉन्टमधे, अजून एक भानगड म्हणजे चौकट. 'आय' असो की 'एम', जागा तेवढीच, म्हणून 'आय'ला आडवे पाय फुटतात (सॅन्स-सेरिफ, म्हणजे टोकांना पाय नसलेला फॉन्ट असूनही!) आणि 'एम' बिचारा आखडून बसतो. आता हे 12 अंशात तिरकं करा, 700 युनिट (फॉन्टमधलं मोजमाप) उंच अक्षराचा शेंडा जवळजवळ 149 युनिट सरकतो आणि चौकट बऱ्याचदा 600 युनिट रुंदच असते, म्हणजे पाव चौकट गेली की! काही टर्मिनलमधे (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'एफ'चं टोक चक्क कापलं जातं.

तयार तिरकं हवं तर देजावू सॅन्स मोनो ऑब्लिक (म्हणजे कलता) साधासुधा आहे. रिकर्सिव्ह मोनोमधे कल 15 अंशापर्यंत स्लायडरने कमीजास्त करता येतो, तो फुकटही आहे. ऑपरेटर मोनोसारखं हस्ताक्षरी वळणाचं इटॅलिक लोकांना जाम आवडतं, मला कॉमेंटपुरतं ठीक वाटतं, त्यापुढे डोळ्यात खुपतं.

वापराचं म्हणाल तर युनिक्सच्या मॅन पेजेसची (कमांडच्या माहितीपानांची) पद्धत मला सगळ्यात पटते, जसंच्या तसं टाइप करायचं ते ठळक आणि जिथे आपलं फाइलचं नाव वगैरे घालायचं ते तिरकं, टर्मिनलला तिरकं जमत नसेल तर तिथे अंडरलाइन येते.

सगळा कोड तिरका मात्र नको, कारण उभी पाइप (|) कलली की ती स्लॅशसारखी दिसायला लागते. तरी हौस असेलच तर आधी पाइप, स्लॅश, छोटा 'एल' आणि 1 शेजारीशेजारी टाइप करून तुम्ही नेहमी ठेवता त्या साइझला वाचून बघा.