व्हेसुव्हियसला जाताय? आधी वेधशाळा बघा

इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर पहिल्यांदाच जाताय, म्हणून सांगतो: थेट विवराकडे धावू नका. साधारण 600 मीटर उंचीवर 1841 मध्ये स्थापन झालेली वेधशाळा आहे, जगातली सर्वांत जुनी ज्वालामुखी वेधशाळा. आज निरीक्षणाचं काम नेपल्स शहरातून चालतं आणि जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. तिथे वेधशाळेचे एकेकाळचे संचालक लुइजी पाल्मिएरी यांचा विद्युतचुंबकीय भूकंपमापक नक्की बघा. जमिनीचा बारीकसा हादरा बसला की पारा हलायचा, विद्युतमंडल पूर्ण व्हायचं आणि नोंद उमटायची. 1872 च्या उद्रेकात लाव्हा वेधशाळेच्या टेकडीच्या बाजूंनी वाहत असताना पाल्मिएरी वेधशाळा सोडून गेले नाहीत. मला तर त्या यंत्रासमोरून हलवत नाही. संग्रहालय बघायला मिळेल की नाही, हे मात्र आधी विचारून ठेवा.

मग वर. वाहनं सुमारे 1000 मीटरपर्यंत जातात, पुढे पायी. वाट सुट्या खडीची आहे, चपला नकोत. विवराच्या काठावर उकळता लाव्हा दिसणार नाही, शेवटचा उद्रेक 1944 चा. पण भिंतींतून निघणाऱ्या वाफेकडे थोडा वेळ शांतपणे बघा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा.